पोर्तुगालात द्राक्षमळा घ्यायच्या आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रेक्झिट झाले आणि पोर्तुगीज पासपोर्टावर थेट इंग्लंडात नोकरीला जायची वाट २०२१ पासून बंद झाली. इंग्लंडातल्या स्विंडन गावी जायचे बोलणे मागे पडले आणि गोमंतकीय घरांत एक निराळाच बेत कानावर येऊ लागला: पोर्तुगालात आतल्या भागात एखादा जुना द्राक्षमळा घ्यायचा, त्यातले पडके घर दुरुस्त करायचे आणि वाइन करायची. मडगावातल्या एका फ्लॅटच्या पैशांत तिकडे घरासकट मळा येतो, असा हिशेब मांडला जातो. तो हिशेब अगदीच खोटा नाही. चुकतो तो कामाचा क्रम. आधी जमीन, मग वेली, मग वाइन आणि सरतेशेवटी गिऱ्हाईक असे ठरवून गेलेल्याचे पैसे पहिली बाटली विकायच्या आधीच संपतात. क्रम नेमका उलटा हवा. तो का, हे जरा तपशिलात लिहितो. पत्र लांबले आहे. जागा नसेल तर जमिनीचा भाग कापा, आंबवण्याचा कापू नका.

पहिली गफलत फेणीमुळे होते. "घरी भाटी होती, आंबवणे आम्हाला काय शिकवता?" हे हमखास ऐकू येते. काजूच्या मोसमात बोंडू तुडवून निघालेला रस तीनेक दिवसांत आपसूक आंबतो, भाटीवर चढतो, पहिल्या खेपेला हुर्राक आणि दुसऱ्या खेपेला फेणी. या रीतीत चुका पोटात घालण्याची मोठी ताकद आहे. रस थोडा आंबट झाला तरी ॲसेटिक आम्लाचा बराचसा भाग भांड्यातच मागे राहतो. चोथा राहिला, माशी पडली, उकळीत सगळे निभावते. शिवाय मार्च ते मे रस रोज नवा येतो, आजचा घाणा बिघडला तर परवा दुसरा लावता येतो. वाइनला भाटी नाही. जे आंबले तेच बाटलीत जाते, आणि ते वर्षातून एकदाच. तीस वर्षे वाइन करणाऱ्याने ती फक्त तीस वेळा केलेली असते.

नाताळासाठी घरोघरी काळ्या द्राक्षांत साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून जी वाइन मुरवतात, तिचाही इथे उपयोग नाही. द्राक्षरसात अशी साखर ओतणे पोर्तुगालात चालत नाही. गोडी वेलीवरच यावी लागते. आणि गोव्यात 'पोर्ट' म्हणून जी गोड बाटली मिळते तिच्यावरून उत्तर पोर्तुगालातल्या दौरो खोऱ्याच्या पोर्टची कल्पना करू नये. खरी पोर्ट म्हणजे आंबणे अर्ध्यावर असताना ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्षांचे स्पिरिट घालून थांबवलेली, १९ ते २२ टक्क्यांची वाइन. नवख्याने तिच्या वाटेला जाऊच नये.

मग सुरुवात कुठून? दुसऱ्याच्या आदेगात मजुरीने. आदेगा म्हणजे वाइन करायची जागा आणि विंदिमा म्हणजे द्राक्षतोडणी. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माणसे कमी पडतात, तेव्हा नवखाही चालतो. मळ्यात नव्हे, आदेगात काम मागा. मळ्यातले काम पुढे वर्षभर शिकता येते. आदेगातले सहा आठवडे चुकले तर पुढच्या वर्षीच. तिथे पहिले दहा दिवस हातात नळी आणि ब्रशच असतो. वाइन करणे म्हणजे बहुतांशी धुणे. टाकी आधी पाण्याने, मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने, मग पुन्हा पाण्याने, मग सायट्रिक आम्लाच्या पाण्याने. पाइपाचे जोड, व्हॉल्व्ह, पंपाचा रबर सुटे करून धुतले नाहीत तर जंतू तिथेच घर करतात. आपल्याकडे विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर हाताशी असते, म्हणून तिकडेही क्लोरीनचे द्रावण वापरायचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. लाकूड आणि बुरशी यांना क्लोरीन मिळाले की टीसीए नावाचे द्रव्य तयार होते, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास अख्ख्या आदेगाला लागतो. पिंपे, लाकडी तुळया, सगळे फेकावे लागते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. एक लिटर द्राक्षरस आंबताना पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेहून जड, रंग-वास नसलेला आणि खाली साठणारा. टाकीतला चोथा काढायला उतरलेला माणूस दोन-तीन श्वासांत खाली बसतो, आणि त्याला ओढायला उतरलेला दुसराही जातो. बंद पडलेल्या विहिरीत उतरणाऱ्यांचे आपल्याकडे जे होते तेच. मेणबत्ती विझते का ते पाहायची जुनी रीत पुरेशी नाही, ती विझण्याच्या आतच डोके गरगरू शकते. वायुमापक हातात, दारे उघडी, पंखा जमिनीलगत, आणि वर एक माणूस कायम उभा. हे चार नसतील तर मालक काहीही म्हणो, उतरू नये.

पहिल्या हंगामानंतर दुसऱ्या वर्षी स्वतःची वाइन करावी, पण विकत घेतलेल्या द्राक्षांची, ओळखीच्या आदेगात, त्यांच्याच नोंदणीखाली, कोपरा भाड्याने घेऊन. एक टन लाल द्राक्षे पुरे. सध्या हे सोपेही आहे. दौरोत किती द्राक्षरसाची पोर्ट करायची, हे दरवर्षी वरून ठरवून दिले जाते. हे माप पिपांत मोजतात, पिपा म्हणजे ५५० लिटर; आपला 'पिंप' शब्द तिथूनच आला. २०२३ साली हा कोटा १,०४,००० पिपांचा होता, २०२५ साली तो ७५,००० वर आला. म्हणजे द्राक्षे पिकवणाऱ्याचे दिवस वाईट आणि विकत घेणाऱ्याचे चांगले. असे असताना लोक मळा घ्यायला धावतात, याचे नवल वाटते.

एक टनाचा हिशेब असा. देठ काढून फोडलेली द्राक्षे साधारण हजार लिटर जागा घेतात, पण आंबायला लागली की सालींचा थर फुगून वर येतो. भांडे तीन चतुर्थांशाहून जास्त भरले तर रात्री सगळे जमिनीवर. म्हणून ७०० लिटरची दोन उघडी भांडी घ्यावीत. फोडतानाच, नको ते जंतू आटोक्यात राहावेत म्हणून, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालायचे. टनाला ८० ते ९० ग्रॅम, म्हणजे सल्फर डायऑक्साइड ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) आसपास, कारण या पावडरीत वजनाच्या ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड असतो. इथे दशांशचिन्ह घसरून ८०० ग्रॅम पडले की यीस्ट उठतच नाही. पावडरीचा डबा उघडा राहून दमट झाला असेल तर उलटे होते: वजन बरोबर, जोर अर्धा. दरवर्षी नवा डबा घ्यावा, पैसे फार लागत नाहीत.

यीस्ट टाकायच्या आधी तीन आकडे वहीत लिहावेत: घनता (पाण्याची १ धरून), तापमान आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा लहान तितका आंबटपणा जास्त. घनता १.०९५ च्या जवळ असेल तर वाइन तेरा-सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास जाईल. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेला एक टक्का मद्यार्क, हा ढोबळ हिशेब. पीएच ३.४ ते ३.६ असावा. आलेंतेजोसारख्या उष्ण भागात तो सहज ३.८ च्या वर असतो, तिथे टार्टरिक आम्ल घालावे लागते, आणि ते आंबवण्याआधीच. लिटरला एक ग्रॅम घातल्याने पीएच साधारण ०.१ उतरतो. पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांत, त्याच दिवशी जुळवून घ्यावा. मीटर आठवडाभर कोरडा पडला असेल तर तो दाखवील त्यावर विश्वास नको.

सुके यीस्ट टनाला २०० ते २५० ग्रॅम. दहापट कोमट पाण्यात, ३७ ते ४० अंशांवर, वीस मिनिटे भिजवावे. लगेच थंड रसात ओतले तर निम्मे यीस्ट तापमानाच्या धक्क्यानेच मरते. थोडा थोडा रस घालत दोघांतला फरक दहा अंशांच्या आत आणावा, मग ओतावे. दुसऱ्या दिवशी सालींचा थर वर येतो. तो दिवसातून तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबायचा: सकाळी, दुपारी, रात्री झोपण्यापूर्वी. पहिल्यांदा दांडा आत जात नाही इतका तो घट्ट असतो. कडेने सुरुवात करून थोडा थोडा फोडत मध्यापर्यंत यावे. वरून कोरडी दिसणारी साल उलटी होऊन जांभळी, ओली व्हायला हवी. हा थर अर्धा दिवस कोरडा राहिला की चिलटे बसतात आणि व्हिनेगर तिथून सुरू होते. लाल वाइनमध्ये ॲसेटिक आम्लाची कायदेशीर कमाल लिटरला १.२ ग्रॅम आहे; नाकाला ते ०.७ ते ०.८ ला कळते.

वहीतले आकडे रोज दोन वेळा लिहायचे. निरोगी आंबवणीत घनता दिवसाला दहा-पंधरा अंकांनी उतरते: १.०९५, मग १.०८२, मग १.०६८. तापमान २५ ते ३० च्या दरम्यान असावे. ३३ च्या पुढे गेले की यीस्ट दमते, ३५ ला थांबते. यंत्राने थंड करायची सोय नसेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून, बाहेरून धुऊन, झाकण घट्ट लावून भांड्यात सोडाव्यात. हजार लिटरला वीस-पंचवीस बाटल्या आलटून पालटून लागतात. म्हणजे दोन डीप फ्रीझर. हे आधी कुणी सांगत नाही.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्टला नायट्रोजन कमी पडतो आहे. डायअमोनियम फॉस्फेट शंभर लिटरला १० ग्रॅम घातले की लिटरमागे २१ मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. पण हे पहिली एकतृतीयांश साखर संपेपर्यंतच. घनता १.०३० च्या खाली गेल्यावर घातलेले यीस्टला घेता येत नाही आणि नको त्या जंतूंना खाद्य मिळते. त्याच वेळी वाइन हवेतून उंचावरून पाडत एका भांड्यातून दुसऱ्यात घ्यावी. वास तसाच दहा-पंधरा दिवस राहू दिला तर त्याचा कांदा-लसणासारखा वास होतो आणि मग तो घालवणे कर्मकठीण.

नवख्याच्या बहुतेक वाइना बिघडतात त्या शेवटच्या टप्प्यात. घनता १.०१० वर येऊन दोन दिवस तिथेच. "होईल हळूहळू" म्हणून बसायचे नाही. आधी तापमान पाहावे. ऑक्टोबरात दगडी आदेगा रात्रीत पंधरा अंशांवर येतो आणि यीस्ट झोपते. २२ ते २५ पर्यंत ऊब दिली तर बहुधा पुन्हा चालू होते. नाही झाले तर जास्त मद्यार्क सोसणारे यीस्ट थोड्या कोमट रसात जागे करून, त्यात अडकलेली वाइन आधी थोडी, मग दुप्पट, मग पुन्हा दुप्पट अशी मिसळत न्यावी. हा तीन-चार दिवसांचा खेळ आहे. सगळ्या टाकीत कोरडे यीस्ट भुरभुरून काही होत नाही.

घनता ०.९९५ च्या आसपास आली की चोथा दाबून वाइन वेगळी करायची. टनाला ६५० ते ७०० लिटर, म्हणजे नऊशेच्या आत-बाहेर बाटल्या. दोन दिवसांत जाड गाळ खाली बसतो, तो मागे ठेवून वाइन दुसऱ्या टाकीत घ्यावी. आता पुढे मॅलोलॅक्टिक, म्हणजे तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे जंतूंकडून सौम्य लॅक्टिक आम्ल होणे. त्याला २० अंश ऊब आणि चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत सल्फाइट घालायचे नाही. घाईने आधीच घातले तर ते अर्धवट राहते, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाटलीतच सुरू होऊन वाइन गढूळ व फसफसती होते. झाले की नाही ते जिभेवर ठरवू नये. जवळच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

मग सल्फाइट. ते किती, हे पीएचवर ठरते, आणि इथे पाठ केलेला एकच आकडा कामाचा नाही. जंतूंना मारणारा सल्फर डायऑक्साइडचा अंश लिटरला ०.८ मिलिग्रॅम मिळायला पीएच ३.२ ला मुक्त (वाइनमधल्या कशाशी न बांधला गेलेला) सल्फर डायऑक्साइड २० पीपीएम पुरतो, ३.५ ला ४० लागतो आणि ३.८ ला जवळजवळ ८०. लाल वाइनमध्ये ०.५ वर भागते, म्हणून आकडे थोडे कमी. एकूण मर्यादा युरोपीय संघात कोरड्या लाल वाइनला १५० आणि पांढरीला २०० आहे. म्हणजे पीएच चढा राहिलेल्या वाइनला वाचवायला पुढे जागाच उरत नाही. टार्टरिकची ती पहिल्या दिवशीची पुडी म्हणून महागात पडत नाही.

साठवणीत एकच शत्रू: हवा. तरंगत्या झाकणाची टाकी सोयीची, पण झाकणाच्या कडेची रबरी नळी पंपाने फुगवलेली असते आणि तिचा दाब हळूहळू उतरतो. आठवड्याला एकदा तिचा काटा बघायचा. चुकलात तर महिन्याभरात वर पांढरी साय. २२५ लिटरचे पिंप घेतले तर वर्षाला दोन ते पाच टक्के वाइन लाकडातून उडते, म्हणून दर पंधरवड्याला काठोकाठ भरावे, आणि भरायला वेगळी वाइन छोट्या बाटल्यांत राखून ठेवावी. नवे फ्रेंच पिंप शेकडो युरोंचे असते. नवख्याने जुने घ्यावे, पण आधी बुचाच्या भोकाला नाक लावून. व्हिनेगरचा वास आला तर फुकटही नको. त्यात तुळस लावा.

आता वेलींबद्दल, थोडक्यात. नाशिक-सांगलीचे बागायतदार ओळखीचे असतात आणि त्यांना विचारून लोक तयारी करतात. ती माहिती अर्धीच लागू पडते. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी अशा दोन छाटण्या. तिकडे वेल हिवाळाभर काटकीसारखी सुकी दिसते, डिसेंबर ते फेब्रुवारी एकच छाटणी, मार्चात डोळे फुटतात, सप्टेंबरात तोड. गोव्यात वाइनची द्राक्षे का होत नाहीत, याचेही उत्तर यातच आहे: आपला तीन हजार मिलिमीटर पाऊस वेल हिरवी असताना पडतो, तिकडचा पाऊस बहुतेक ती झोपलेली असताना. तरी उत्तरेच्या मिन्यो भागात, जिथे व्हिन्यो व्हेर्दे होते, वसंतात पाऊस असतो आणि केवडा हा बुरशीचा रोग नाशिकइतकाच छळतो. दहा अंश तापमान, दहा मिलिमीटर पाऊस, दहा सेंटिमीटर कोंब ही त्रिसूत्री जमली की फवारणी. मोरचूद-चुना तिकडेही आहेच, पण तांब्यावर मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. भुरीला गंधक, पण तीसच्या वर ऊन असताना मारले तर पाने भाजतात. आणि हे फवारायला, किंबहुना विकत घ्यायला, प्रशिक्षण घेतलेल्याचे कार्ड लागते. ट्रॅक्टरलाही प्रशिक्षण आहे आणि ते टाळू नये: उतारावर ट्रॅक्टर उलटून माणसे मरतात. चालकाच्या मागच्या लोखंडी कमानीला तिकडे सांत आंतोनियोची कमान म्हणतात. ती दुमडून ठेवून, पट्टा न लावता चालवणाऱ्याला सांत आंतोनियो काय करणार!

कोणता भाग घ्यावा, असे विचारतात. दौरोचे दगडी पायऱ्यांचे मळे डोळ्यांत भरतात. १७५६ साली सीमा आखलेला हा प्रदेश २००१ पासून जागतिक वारसा आहे. पण तिथे जवळजवळ सगळे काम हातानेच आणि उन्हाळा चाळिशीचा. "नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक" ही तिकडचीच म्हण. आलेंतेजोत जमीन सपाट, रोग कमी, पण पाणी विकतचे. तिथे मातीच्या मोठ्या रांजणांत, ताल्यात, वाइन करायची जुनी चाल आहे. साली-बियांसकट आंबवून ११ नोव्हेंबरला, सांव मार्तिन्यच्या दिवशी, तळाचे भोक उघडतात. आमच्या मते नवख्याने दांव किंवा बायराडाच्या बाजूला पाहावे. थंडावा आहे, वेली जुन्या आहेत, चुका जरा उशिरा अंगाशी येतात. वणव्याचा धोका मात्र तिथे मोठा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो भाग होरपळला. घराभोवती ५० मीटर झाडोरा साफ ठेवणे कायद्याने मालकावर आहे, आणि दूरवरच्या वणव्याचा धूरही पिकत्या द्राक्षांत शिरून वाइनला राखेची चव देतो.

जमिनीची कागदपत्रे. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर दहा वारस पाहिलेल्याला हे नवे वाटणार नाही. करखात्याची कादेर्नेता आणि नोंदणी कचेरीचा दाखला, असे दोन कागद आणि त्यांतली क्षेत्रे जुळत नाहीत. वारसांतले निम्मे फ्रान्सात. बूपी नावाच्या सरकारी व्यवस्थेत जमिनीची नकाशावर नोंद झाली आहे का ते पाहावे, आणि वेलींची नोंद द्राक्ष-वाइन संस्थेच्या, म्हणजे आयव्हीव्हीच्या दप्तरात आहे का तेही. २०१६ पासून युरोपीय संघात नवी वाइन-द्राक्षे लावायला परवाना लागतो. नोंद नसलेल्या वेलींची वाइन विकता येत नाही. सर्वांत मोठा फटका शेजाऱ्याच्या हक्काचा. लहान शेतजमिनीवर लगतच्या मालकाला पहिला हक्क असतो. विक्रेत्याने किंमत आणि अटी लेखी कळवायच्या, त्याने आठ दिवसांत उत्तर द्यायचे. कळवलेच नाही तर विक्री समजल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो न्यायालयात ठरलेली किंमत भरून जमीन आपल्या नावावर करून घेऊ शकतो, तोवर तुम्ही छप्पर घातलेले असले तरी. खर्चात शेतजमिनीला हस्तांतर कर पाच टक्के आणि मुद्रांक ०.८ टक्के धरावा. आणि परतीचा विचार असणाऱ्यांसाठी: पोर्तुगीज नागरिक झालात की भारतीय नागरिकत्व जाते, आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाच्या) कार्डावर गोव्यात शेतजमीन वा बागायत विकत घेता येत नाही. इथले कुळागर घाईने विकू नये.

विक्रीबद्दल फक्त एवढेच की तिकडच्या सुपरमार्केटात तीन-चार युरोंना बरी वाइन मिळते. तुमच्या नऊशे बाटल्या त्या दरात विकून काच, बूच आणि लेबलही सुटत नाही. सुरुवातीला घ्यायची माणसे ठरलेली हवीत: लिस्बनमधली दोन-तीन गोमंतकीय खाणावळी, ओळखीची कुटुंबे, गावात येणारे प्रवासी. वाइनवर तिकडे अबकारी शून्य आहे, व्हॅट १३ टक्के. ८ डिसेंबर २०२३ नंतरच्या वाइनला घटक आणि पोषणमूल्ये लेबलवर वा क्यूआर कोडने द्यावी लागतात, आणि सल्फाइटचा उल्लेख लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर सक्तीचा. प्रदेशाचे नाव लावायचे तर प्रयोगशाळेची चाचणी आणि चव घेणारी समिती, दोन्हींतून पार व्हावे लागते. लावलेच पाहिजे असे नाही.

पणजीत पोर्तुगीजचे वर्ग चालतात आणि ते चांगले आहेत. पण पासपोर्टापुरते पोर्तुगीज आदेगात पुरत नाही. बोर्रा म्हणजे गाळ, मोश्तो म्हणजे रस, आणि 'कुइदादो!' ऐकले की पाइप सोडून मागे व्हायचे, एवढे तरी विमानात बसण्यापूर्वी यावे. पुढे व्हिला रियालच्या विद्यापीठात वाइनशास्त्राचा अभ्यासक्रम आहे, पण एक हंगाम हात भिजल्यावरच.

या वर्षी जायचे असेल तर आदेगांना मे-जूनमध्ये लिहावे आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचावे, कारण पांढरी द्राक्षे आधी तोडतात. सोबत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दोन जोड, कारण एक जोड कायम ओला असतो. चांगली कात्री, डोक्याला लावायचा दिवा, ग्रॅममध्ये अचूक वजन दाखवणारा काटा, आणि जाड पुठ्ठ्याची वही. वहीत पेन्सिलीने लिहावे. पेनची शाई ओल्या हाताने पसरते आणि १.०१० चा १.०१८ वाचला जातो.

आपले नम्र,
वाइनच्या कामातले दोन गोमंतकीय वाचक,
डिचोली